पाकीट बॅगेतच होतं

ताई,

मी २८ वर्षांचा आहे. मूळ बार्शीचा, सध्या चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. मी गे आहे. घरी माहीत नाही, दोन मित्रांना माहीत आहे. सात महिन्यांपासून माझं एकाशी जमलंय. तो ३३ चा, साताऱ्याला बँकेत असतो. शनिवारी तो येतो, नाहीतर मी जातो.

कंडोमशिवाय काही करायचं नाही हा माझा नियम होता. ग्रुपमध्ये नवीन पोरं आली की त्यांना लेक्चर देणारा मीच. १९ दिवसांपूर्वी, शनिवारी, आम्ही कंडोमशिवाय केलं. पाकीट बॅगेत होतं, बॅग पलंगाच्या पायथ्याशी होती. मला ती दिसत होती. मी हात पुढे केला नाही. त्याने जबरदस्ती केली नाही, मागितलंही नाही. पुढच्या शनिवारी पुन्हा तसंच. त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी ड्यूटीच्या आधी लॅबमध्ये जाऊन एचआयव्हीची टेस्ट केली. नॉन-रिॲक्टिव्ह, म्हणजे निगेटिव्ह आली. तरी झोप नाही. रात्री उठून आरशासमोर मानेतल्या गाठी चाचपतो. तो म्हणतो, ‘अरे मी क्लीन आहे, कशाला टेन्शन घेतोस.’ आता परत बॅगेतून कंडोम बाहेर काढला तर त्याला वाटेल माझा विश्वास उडाला.

मला सगळं माहीत असताना मीच असं का वागलो? स्वतःची किळस येते. आणि ती प्रेप नावाची गोळी असते, ती आपल्याकडे मिळते का? त्याच्या घरी स्थळं बघणं चालू आहे, तो विषय आम्ही काढत नाही.

(नाव छापू नका.)

*

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मी तुला अरे-तुरे करते.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुला मेलवर तारखा मोजून पाठवल्या होत्या. त्या इथे पुन्हा लिहिते, कारण असाच हिशोब चुकवून रात्र-रात्र जागणारे बरेच आहेत.

मंगळवारच्या रिपोर्टचा या दोन शनिवारांशी काही संबंध नाही. विषाणू शरीरात शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत मध्ये काही काळ जातो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. मंगळवारी पहिल्या शनिवारला १० दिवस झाले होते आणि दुसऱ्याला जेमतेम तीन. तो कागद सांगतो ते त्याआधीच्या आयुष्याबद्दल. शिरेतून रक्त घेऊन लॅबमध्ये होणारी चौथ्या पिढीची चाचणी, म्हणजे विषाणूचा अंश (अँटिजेन) आणि शरीराने त्याच्याविरुद्ध बनवलेली अँटिबॉडी दोन्ही बघणारी, ४५ दिवसांनी करायची. सरकारी केंद्रात रॅपिड किटवर करतात, तिथला शेवटचा शब्द तीन महिन्यांनी. मोजणी दुसऱ्या शनिवारपासून, पहिल्यापासून नाही. तोवर कंडोम. आणि आरशासमोरचं चाचपणं बंद. सारखं दाबत राहिलं की कुणाचीही मान दुखते.

एक गोष्ट वाचून मात्र मला हळहळ वाटली. तू मंगळवारी सकाळी लॅबमध्ये बसला होतास तेव्हा दुसऱ्या शनिवारला ७२ तास व्हायचे होते. पेप नावाचा उपचार असतो. संबंध आल्यावर ७२ तासांच्या आत एचआयव्हीची औषधं सुरू करायची आणि २८ दिवस न चुकता घ्यायची. जितकं लवकर तितकं चांगलं, पहिल्या काही तासांत सुरू झालं तर उत्तम. ‘का करताय टेस्ट?’ एवढं एक वाक्य त्या काउंटरवर कुणी विचारलं असतं तर तुला डॉक्टरकडे पाठवता आलं असतं. कुणी विचारलं नाही. तूही सांगितलं नसतंस म्हणा. आता ती वेळ गेली. पण हा ७२ चा आकडा ग्रुपमधल्या पोरांना देत असलेल्या लेक्चरमध्ये घाल, त्यात तो नसणार याची मला खात्री आहे.

धोका किती होता? तू कोणत्या बाजूला होतास ते लिहिलं नाहीस. लाजलास, पण त्याने फरक पडतो. जोडीदाराला एचआयव्ही आहे आणि तो उपचारावर नाही असं धरलं, तर आत घेणाऱ्याला अशा दहा हजार वेळांमागे साधारण १३८ वेळा लागण होते, आत घालणाऱ्याला ११ वेळा. गुदद्वाराच्या आतलं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं, त्याला स्वतःचं वंगण नसतं, आणि विषाणूला ज्या पेशी हव्या असतात त्या तिथे दाटीने असतात. म्हणून हा फरक. पण हे सरासरीचे आकडे आहेत. ज्याला नुकतीच लागण झालीय त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट असतो, आणि नेमकं त्याच काळात चाचणी काही नाही म्हणते. असा माणूस मनापासून ‘मी क्लीन आहे’ म्हणतो. खोटं बोलत नसतो.

आता तुझ्या खऱ्या प्रश्नाकडे येते. माहीत असून का?

मी १८ वर्षं एका सरकारी रुग्णालयात समुपदेशक होते. सुरुवातीला आमच्या खोलीला व्हीसीटीसी म्हणायचे, नंतर आयसीटीसी झालं, म्हणजे एचआयव्हीचं समुपदेशन आणि चाचणी केंद्र. खोली तीच, पडदा तोच, हिरवा. टेबलाच्या खालच्या खणात कंडोम कसा चढवायचा हे दाखवायला एक लाकडी लिंग असायचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. पहिली दोन-तीन वर्षं मी प्रत्येकाला ते काढून दाखवायचे. मग लक्षात आलं की समोरची गे पोरं माझ्यापेक्षा सफाईने दाखवतात. टोक चिमटीत धरून हवा काढायची, तारीख बघायची, पाकीट दाताने फोडायचं नाही, सगळं पाठ. फॉर्मवर प्रश्न असायचा, ‘कंडोम वापरता का?’ उत्तर ठरलेलं, ‘हो’. एकदा एकाला मी सहज विचारलं, ‘शेवटचा कधी नाही वापरला?’ तो हसला, मग रडला, आणि पाऊण तास बोलला. त्या दिवसापासून मी फॉर्म भरायचा म्हणून भरायचे आणि प्रश्न तो दुसरा विचारायचे.

त्या उत्तरांमध्ये अडाणीपणा क्वचित असायचा. ‘विसरलो’ म्हणणाऱ्यालाही जरा थांबून विचारलं तर तो विसरलेला नसायचा. त्याला काहीतरी हवं असायचं.

सगळ्यात साधं कारण आधी: कंडोमशिवाय बरं वाटतं. आमच्या प्रशिक्षणात हे वाक्य उच्चारायची चोरी होती, त्यामुळे आमचा अर्धा उपदेश पहिल्याच मिनिटाला फुकट जायचा. समोरच्याला ठाऊक असायचं की बाई खोटं बोलतेय. काहींचं कंडोम चढवतानाच्या त्या अर्ध्या मिनिटात अवसान जातं, मग पुढच्या वेळी ते पाकीट काढायलाच घाबरतात. हे गे-स्ट्रेट दोघांचंही होतं.

पण तुझ्या पत्रात मला दिसतं ते वेगळं आहे. तू अनोळखी माणसाबरोबर नियम मोडला नाहीस. सात महिने ज्याच्या येण्याची शनिवारी वाट बघतोस, त्याच्याबरोबर मोडलास. तुझ्या चुलतभावाचं लग्न झालं की नवरा-बायको कंडोम वापरत नाहीत याचं कुणाला काही वाटत नाही. त्यांनी एकमेकांना स्वीकारलं हे सांगायला पत्रिका असते, हळद असते, चारशे माणसांनी टाकलेल्या अक्षता असतात, रेशनकार्डावर नाव चढतं. तुमच्याकडे यातलं काय आहे? ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधून तुम्हाला मोकळं केलं, म्हणजे गुन्हेगार नाही एवढं सांगितलं. १७ ऑक्टोबर २०२३ ला लग्नाचा प्रश्न आला तेव्हा त्याच न्यायालयाने मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हा ‘आता आपण एकमेकांचे’ हे सांगायला दोन पुरुषांच्या हातात फारच थोड्या खुणा उरतात. त्यातली एक ही. बॅगेकडे हात न नेणं या तुझ्या अक्षता होत्या. हे मी थट्टेने म्हणत नाही. तुझ्यासारख्या कितीतरी जणांनी वेगवेगळ्या शब्दांत मला हेच सांगितलं. एक जण म्हणाला होता, ‘मॅडम, तेवढा वेळ मधे काहीच नसतं ना.’

त्याच्या जोडीला थकवा असतो. स्ट्रेट मुलगा वयात येतो तेव्हा त्याच्या मनात मुलगी असते. गे मुलगा वयात येतो तेव्हा मनात मुलगा असतो आणि त्याच्या शेजारी एड्स बसलेला असतो. कुणाला हात लावायच्या आधीच तो भिऊन असतो. दहा-दहा वर्षं सावध राहिलेला माणूस एका रात्री सावधपणालाच कंटाळतो. आणि काहींच्या बाबतीत, हे लिहिताना मला आजही जड जातं, आपण मुळातच घाणेरडे आहोत असं लहानपणापासून ऐकून-ऐकून मनात बसलेलं असतं. मग जपायचं कुणाला? तू ‘किळस येते’ लिहिलंस तिथे मी थबकले. ती किळस तुला पुढच्या वेळी सावध करणार नाही, उलट करेल. स्वतःला शिव्या घालणारी पोरं चाचणीला उशिरा आली, हे मी वर्षानुवर्षं पाहिलं. ज्यांनी ‘हो, मला ते हवं होतं’ एवढं मान्य केलं, ती वेळेवर आली.

म्हणून तुला हवं होतं ते चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. तू ते चुकीच्या क्रमाने केलंस, एवढंच.

क्रमाची गोष्ट ऑस्ट्रेलियातली आहे. १९९० च्या सुमाराला तिथल्या आरोग्य कार्यकर्त्यांना दिसलं की जोडीने राहणारे गे पुरुष कंडोम सोडताहेत. आधी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. मग संशोधक सुझन किप्पॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नीट चौकशी केली, तेव्हा कळलं की त्यातले बरेच जण बेफिकीर नव्हते. दोघांनी तपासण्या करून, घरात काय आणि बाहेर काय याचं बोलून ठरवून मग कंडोम सोडला होता. १९९३ मध्ये त्यांनी याला नाव दिलं, मराठीत मी त्याला ‘ठरवून घेतलेली सुरक्षितता’ म्हणते. पुढे तिथल्या प्रचारात चार शब्द आले: बोला, तपासा, पुन्हा तपासा, विश्वास ठेवा. विश्वास चौथा. आपल्याकडे तो पहिला येतो, आणि तो आला की उरलेल्या तिघांना तोंड दाखवायला जागा राहत नाही.

तुमचं कसं करायचं ते सांगते. आधी बोलणं, आणि ते पलंगावर नाही. बाईकवरून जाताना बोल, टपरीवर चहा घेताना बोल, जिथे दोघांच्या अंगावर कपडे आहेत आणि एकमेकांच्या डोळ्यांत बघायची सक्ती नाही. वाक्य साधं ठेव: ‘मला तुझ्याबरोबर कंडोमशिवायच आवडलं. पुढेही तसंच हवंय. म्हणून आपण दोघं चाचणी करू.’ यात अविश्वास कुठे आहे सांग. त्याने ‘मी क्लीन आहे’ म्हटलं तर भांडू नकोस, फक्त विचार, ‘कोणत्या तारखेचा रिपोर्ट?’ मला तो शब्दच आवडत नाही. एक क्लीन म्हटला की एचआयव्ही असलेला आपोआप घाण ठरतो. आणि तारीख नसलेलं क्लीन म्हणजे दिवाळीत घर झाडलं होतं म्हणून होळीलाही स्वच्छच असणार, असं म्हणण्यासारखं आहे.

मग दोघांनी एकाच दिवशी जा. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच ग्रामीण रुग्णालयांत आयसीटीसी असतं, चाचणी फुकट असते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतो. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, त्याप्रमाणे तुझ्या संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ हा नॅकोचा, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेचा फुकट क्रमांक आहे, मराठीतही बोलतात. पुण्यात समपथिक ट्रस्ट, मुंबईत १९९४ पासूनचा हमसफर ट्रस्ट, या तुझ्यासारख्यांसाठीच काम करणाऱ्या संस्था, तिथे तुला ‘लग्न झालंय का?’ या प्रश्नाने सुरुवात करावी लागणार नाही.

एचआयव्हीबरोबर सिफिलिसची तपासणीही कर. व्हीडीआरएल म्हण, लॅबवाल्याला कळतं. सिफिलिस तोंडावाटेही होतो, त्याचा पहिला फोड दुखत नाही, आत असला तर दिसतही नाही, आणि आपोआप बरा झाल्यासारखा वाटतो. वेळेत कळला तर पेनिसिलिनच्या इंजेक्शनने जातो. गनोरिया आणि क्लॅमिडिया घशात आणि गुदद्वारात काहीही लक्षण न दाखवता राहतात, नुसती लघवी तपासून सापडत नाहीत, तिथला स्वॅब घ्यायला सांगावं लागतं. सरकारी रुग्णालयांत यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची पाटी असते. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसशील तर घे, तीन डोस, सहा महिन्यांत पूर्ण होतात. सगळेच डॉक्टर समजूतदार भेटतील अशी हमी मी देत नाही. माझ्याबरोबर काम करणारे एक डॉक्टर प्रत्येक गे मुलाला औषधाच्या चिठ्ठीबरोबर ‘लग्न करून टाक’ हा सल्ला जोडायचे. चिठ्ठी बरोबर असायची. ती घ्यायची आणि बाकीचं तिथेच टेबलावर ठेवून यायचं, असं मी बाहेर पोरांना सांगायचे.

तर दोघांचे रिपोर्ट आले. तीन महिने कंडोम, मग पुन्हा दोघांची चाचणी. दोन्ही वेळा रिपोर्ट एकमेकांसमोर उघडा, फोटो पाठवून नाही.

आणि एवढ्यानेही काम होत नाही, कारण रिपोर्ट मागचं सांगतो, पुढच्या मंगळवारचं नाही. तो साताऱ्यात असतो, तू चाकणला, मधे पाच दिवस आणि दोन फोन. बाहेर काही होणार नाही असं दोघंही म्हणाल आणि म्हणताना खरंच म्हणत असाल. तरीही झालं तर काय, हे आज ठरवा. माझ्या अनुभवात जोड्या इथे मोडतात. नियम सगळे करतात, नियम मोडल्यावर काय करायचं हे ठरवायला कुणी तयार नसतं, कारण ते बोलणंच अभद्र वाटतं.

माझ्याकडे एक जोडी यायची. दोघं हेल्मेट घालून यायचे. एकाचा मामा रुग्णालयाच्या कँटीनला होता, त्यामुळे तो कॉरिडॉरमध्येही हेल्मेट काढायचा नाही. माझ्या खोलीत शिरून पडदा ओढला की मग काढायचा, केस घामाने चपटे झालेले. त्यांनी कलम ठरवलं होतं: बाहेर काही घडलं तर पुढच्या वेळी जवळ येण्याआधी एवढंच म्हणायचं, ‘आज कंडोम.’ दुसऱ्याने त्या रात्री ‘का’ विचारायचं नाही. चाचणीला दोघांनी यायचं, आणि रिपोर्ट आल्यावर मग काय भांडायचं ते भांडायचं. दोनदा ते दोन शब्द वापरले गेले, एकदा याने, एकदा त्याने. दुसऱ्या वेळी ते माझ्यासमोरच असे कडाडून भांडले की शेजारच्या क्षयरोग विभागातली सिस्टर बघायला आली. पण दोघांचे रिपोर्ट शेवटपर्यंत निगेटिव्ह राहिले. मी निवृत्त झाले तेव्हाही ते एकत्र होते.

असं एखादं कलम तुमच्या भाषेत करा. सांगणाऱ्याला त्या रात्री शिक्षा होणार असेल तर तो सांगणार नाही, आणि न सांगितलेल्या गोष्टीपासून कोणताच करार तुला वाचवत नाही.

आता प्रेप, म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी. हो, आपल्याकडे मिळते. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन या दोन औषधांची एक गोळी. अमेरिकेत २०१२ मध्ये तिला या कामासाठी परवानगी मिळाली. गंमत अशी की एचआयव्हीची औषधं जगाला स्वस्तात द्यायला आपल्याच लोकांनी सुरुवात केली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्लाने वर्षाला ३५० डॉलरमध्ये उपचार देऊ केला आणि आफ्रिकेतलं चित्र पालटलं. आणि इथे चाकणमधल्या पोराला प्रेपबद्दल परदेशी व्हिडिओ बघून कळतं. असो. डॉक्टरच्या चिठ्ठीने घ्यायची. महिन्याला साधारण दोन हजारांच्या आसपास खर्च, कंपनीप्रमाणे कमी-जास्त. सुरू करण्याआधी एचआयव्ही निगेटिव्ह आहे याची खात्री, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), हिपॅटायटिस बी, आणि मग दर तीन महिन्यांनी चाचणी. रोज घेतली तर संबंधातून होणाऱ्या एचआयव्हीचा धोका ९९ टक्क्यांच्या आसपास कमी होतो. रोज म्हणजे रोज, आठवण येईल तेव्हा नाही. पुरुषांसाठी संबंधापुरती घेण्याची पद्धतही आहे: आधी दोन ते २४ तासांत दोन गोळ्या, त्या घेतल्यापासून २४ तासांनी एक, आणखी २४ तासांनी एक. हिपॅटायटिस बी असेल तर ही पद्धत चालत नाही. तुमच्यासारख्या शनिवार-रविवारच्या जोडीला ती सोयीची वाटेल, पण डॉक्टरशी बोलून ठरव, आणि तुझी ४५ दिवसांची चाचणी होईपर्यंत मनाने सुरू करू नकोस. लागण आधीच झालेली असेल तर अर्धवट औषधाने विषाणू औषधाला सरावतो. सिफिलिस, गनोरियावर प्रेपचा काही उपयोग नाही.

आणि समजा, चाचणीत एकाचं पॉझिटिव्ह आलं. त्या विचारानेच तू आरशासमोर उभा राहतोस, म्हणून हेही सांगते. आपल्याकडे १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचाराच्या केंद्रांत, उपचार फुकट आहेत. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. नियमित घेतली की काही महिन्यांत रक्तातला विषाणू इतका कमी होतो की मोजता येत नाही, आणि तो तसा राहिला तर संबंधातून दुसऱ्याला लागण होत नाही. थोडी होते असं नाही, होत नाही. युरोपात एक पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा गे जोड्यांचा मोठा अभ्यास झाला, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. ७८२ जोड्या, कंडोमशिवायचे ७६ हजारांवर संबंध, आणि जोडीदाराकडून जोडीदाराला झालेली लागण शून्य. म्हणजे उपचारावरचा पॉझिटिव्ह जोडीदार हा बिनतारखेच्या ‘क्लीन’पेक्षा किती तरी सुरक्षित. मी नोकरीला लागले तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

राहता राहिलं तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य. तू ते प्रेपच्या मागे लपवून, जाता-जाता टाकलंस. त्याच्या घरी स्थळं बघणं चालू आहे आणि तो विषय तुम्ही काढत नाही. अरे, काढायलाच हवा. उद्या त्याने लग्नाला हो म्हटलं तर तुमच्या या ठरवाठरवीत एक तिसरं माणूस येतं. वाई-कराडकडची कुणीतरी मुलगी, जिला यातलं काही माहीत नाही, जी नवऱ्याला ‘कोणत्या तारखेचा रिपोर्ट?’ असं विचारायची शक्यता नाही, आणि जी कंडोम माग म्हटलं तरी मागू शकणार नाही. तिची फसवणूक एचआयव्ही नसतानाही फसवणूकच आहे. अशा बायका माझ्या त्याच खुर्चीत येऊन बसल्या आहेत, बहुतेक गरोदरपणातल्या तपासणीत कळल्यावर. त्यांना मी काय-काय समजावलं ते इथे लिहीत नाही. त्याने घरी काय सांगावं हे त्याचं ओझं आहे, तू ते उचलू शकत नाहीस. पण ‘लग्न करणार आहेस का?’ हे विचारायचा हक्क तुला सात महिन्यांनी नक्की आहे. चाचणीच्या आधीच विचार. या प्रश्नाचं उत्तर हो असेल तर कंडोम सोडायचा की नाही याचं उत्तरही तुला त्यातच मिळेल.

दोन बारीक गोष्टी राहिल्या. सात महिन्यांत कंडोम कधी फाटला असेल तर वंगणाला काय वापरता ते बघ. निम्म्या वेळा कपाटातल्या खोबरेल तेलाची निळी बाटली निघते. तेलाने, व्हॅसलिननेही लॅटेक्स विरघळल्यासारखं होतं, काही मिनिटांत. मेडिकलमध्ये पाण्याच्या बेसचं किंवा सिलिकॉनचं ल्यूब मिळतं, ते घे. मागायची लाज वाटत असेल तर ऑनलाइन मागव, मी तरी कुठे काउंटरवर सगळं मोठ्याने मागते.

आणि ते बॅगेतलं पाकीट टाकून दे. चाकणच्या उन्हात, लॅपटॉपच्या चार्जरखाली किती महिने दाबलं गेलंय कोण जाणे. नवं घे, तारीख बघून घे, आणि या वेळी बॅगेत नको, उशीजवळ ठेव.